लहान बाथरूममध्ये स्टोरेज गीझर काढून इन्स्टंट गीझर बसवताना: वायरीपासून अँगल कॉकपर्यंत

चार बाय सहा फुटांच्या बाथरूममध्ये २५ लिटरचा गीझर टांगला की डोक्यावरची बरीचशी जागा त्यातच जाते. पाण्याने भरल्यावर त्याचं वजन पस्तीस किलोच्या पुढे जातं, आणि हे सगळं ओझं दोन बोल्टांवर, बऱ्याचदा जुन्या ओलसर विटेच्या भिंतीवर असतं. मुंबईतली मोरीची बाथरूम झालेली घरं असोत किंवा पुण्यातले वन-बीएचके, टाकी काढून छोटा इन्स्टंट गीझर बसवायचा विचार त्यामुळेच होतो. तीन लिटरचा इन्स्टंट तीन-चार किलोचा असतो आणि वीत-दीड वीत जागेत मावतो.

भिंतीवरची जागा वाचते हे खरं, पण वायरीवरचा भार वाढतो. बहुतेक स्टोरेज गीझर २ किलोवॅटचे असतात, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे ८.७ अँपिअर घेतात. इन्स्टंट गीझर ३ किलोवॅटचा असतो आणि १३ अँपिअर खेचतो. ४.५ किलोवॅटचा मॉडेल घेतला तर साडेएकोणीस. म्हणून हे काम ड्रिल मशीनपासून सुरू न करता मीटरच्या पेटीपासून सुरू करावं.

पाणी किती आणि किती वेळात

इन्स्टंट गीझरबद्दलचा सगळा गैरसमज वेगाबद्दल असतो. तो लगेच गरम पाणी देतो, पण भरपूर पाणी देत नाही. हिशोब सोपा आहे: किलोवॅटला १४.३ ने गुणा आणि पाणी जितके अंश तापवायचं आहे त्याने भागा. उत्तर येतं मिनिटाला किती लिटर.

आंघोळीचं पाणी ४० अंशांचं धरू. मुंबईत किंवा कोकणात हिवाळ्यात टाकीतलं पाणी २४ अंशांच्या आसपास असेल तर १६ अंशांची वाढ लागते. ३ किलोवॅटचा गीझर अशा वेळी मिनिटाला २.७ लिटर देतो. २० लिटरची बादली साडेसात मिनिटांत भरते. पुण्यात जानेवारीच्या सकाळी गच्चीवरच्या टाकीत पाणी १७ अंशांवर असेल तर वाढ २३ अंशांची होते, धार १.९ लिटरवर येते आणि त्याच बादलीला पावणेअकरा मिनिटं लागतात. नाशिक-निफाडच्या थंडीत याहून जास्त वेळ लागेल. ४.५ किलोवॅटचा गीझर पुण्याच्या त्याच थंडीत मिनिटाला २.८ लिटर देईल, म्हणजे बादली सात मिनिटांत.

तीन लिटरच्या गीझरमध्ये आधी तापलेलं तीन लिटर पाणी तयार असतं. ते ६० अंशांचं असेल तर त्यात गार पाणी मिसळून सहा-सात लिटर कोमट पाणी झटकन मिळतं. त्यानंतर वरचा हिशोब लागू होतो. एक लिटरच्या गीझरमध्ये ही सुरुवातीची शिल्लकही जवळपास नसते. स्वयंपाकघरातल्या सिंकला तो पुरतो, आंघोळीसाठी मात्र तीन लिटरचाच घ्यावा.

आता तुलना करा. २५ लिटरचा स्टोरेज गीझर ६० अंशांना तापला की त्यातून १७ अंशांचं पाणी मिसळून सुमारे ४७ लिटर आंघोळीचं पाणी एकदम मिळतं. घरात चार जण असतील, सगळ्यांना सात ते आठच्या दरम्यान निघायचं असेल आणि शॉवरची सवय असेल, तर ३ किलोवॅटच्या इन्स्टंटवर भागणार नाही. साधा शॉवर मिनिटाला सहा ते नऊ लिटर पाणी टाकतो. इन्स्टंट गीझरचं जमतं ते बादलीच्या आंघोळीशी. एक जण अंग घासत असताना बादली भरत राहिली की काम भागतं. शॉवर हवाच असेल आणि जागाही नसेल, तर माळ्यावर मावणारा १० किंवा १५ लिटरचा आडवा स्टोरेज गीझर हा जास्त शहाणपणाचा पर्याय आहे.

विजेच्या बचतीबद्दलही स्पष्ट असलेलं बरं. २० लिटर पाणी १६ अंशांनी तापवायला सुमारे ०.३७ युनिट लागतं, मग गीझर कुठलाही असो. इन्स्टंटमध्ये वाचते ती टाकीतलं पाणी उगाच गरम ठेवण्याची वीज. जे लोक स्टोरेज गीझर दिवसभर चालू ठेवतात त्यांना फरक जाणवेल. जे वीस-पंचवीस मिनिटं लावून बंद करतात त्यांच्या बिलात फारसा फरक पडणार नाही. जागेसाठी बदल करत असाल तर जरूर करा. फक्त बिलासाठी असेल तर घाई नको.

वायर, एमसीबी आणि अर्थिंग

आधी वीजबिलावर मंजूर भार बघा. जुन्या इमारतींमध्ये तो एक-दोन किलोवॅटच असू शकतो. ३ किलोवॅटचा गीझर, त्यात इस्त्री किंवा एसी चालू झाला तर मुख्य स्विच पडणारच. भार वाढवून घ्यायचा अर्ज वीज कंपनीकडे करता येतो. तो गीझर विकत घेण्याआधी करावा.

मग बाथरूमच्या पॉइंटची वायर तपासून घ्या. ३ किलोवॅटसाठी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, थेट डीबीपासून (घरातल्या स्विचच्या मुख्य पेटीपासून), फक्त गीझरसाठी, आणि तिच्यावर १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच. नव्याने वायर ओढत असाल तर ४ चौरस मिलिमीटरचीच ओढा. खर्चात थोडाच फरक पडतो आणि पुढे मोठा गीझर घ्यावासा वाटला तर भिंत परत फोडावी लागत नाही. ४.५ किलोवॅटसाठी ४ चौरस मिलिमीटर ही किमान गरज आहे. डीबी लांब असेल तर ६ ची वायर घ्या. एमसीबी २५ अँपिअरचा, आणि प्लग अजिबात नको: ३२ अँपिअरच्या डीपी स्विचमधून (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणाऱ्या) गीझरची केबल थेट जोडायची. १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये साडेएकोणीस अँपिअरचा गीझर खुपसला तर तो काही दिवस चालेल आणि मग सॉकेट वितळेल.

जुना गीझर काढण्याआधी त्याचा प्लग उपसून हातात घेऊन नीट बघा. तीन पिनांपैकी फेजची पिन तपकिरी-काळपट झालेली असेल, तिच्याभोवतीचं प्लास्टिक पिवळं पडून किंचित फुगलेलं असेल, तर सॉकेटच्या आतली पत्ती सैल झालेली आहे. ८.७ अँपिअरवर तिची ही अवस्था झाली, १३ वर ती धूर काढेल. असा सॉकेट पुसून वापरू नका. १६ अँपिअरचा नवा आयएसआय सॉकेट आणि नवा प्लग लावा. वायरीचं टोक काळं पडलं असेल तर तेवढं कापून, ताजं तांबं सोलून, स्क्रू घट्ट आवळा. गीझरच्या जळलेल्या पॉइंटांमागे बहुतेक वेळा सैल स्क्रूच असतो.

अर्थिंग तपासायला मल्टिमीटर लागतो, टेस्टर पुरत नाही. फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा कमी दिसलं पाहिजे. फेज-अर्थमध्ये भलतंच काही दिसलं, म्हणजे ९० किंवा १२० वगैरे, तर अर्थिंगची तार कुठेतरी तुटलेली आहे. अशा घरात गीझर लावू नये, आधी अर्थिंग दुरुस्त करून घ्यावं. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. ओल्या अंगाने नळाला हात लावणाऱ्या माणसासाठी हा फरक जिवाचा आहे.

वायरिंगचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. वर जे सांगितलं ते त्याच्याकडून काय काय मागायचं हे कळण्यासाठी.

मापं आणि जागा

स्टोरेज गीझर होता तिथेच नवा टांगायचा असं मनात असतं, कारण अँगल कॉक (भिंतीतल्या पाइपच्या तोंडावरचे छोटे बंद-चालू नळ) तिथे असतात. पण तीन गोष्टी मोजून बघा. पहिली, दोन अँगल कॉकमधलं अंतर आणि नव्या गीझरच्या दोन नळ्यांमधलं अंतर. भिंतीतले पॉइंट सहसा चार ते सहा इंचांवर असतात, छोट्या गीझरच्या नळ्या त्याहून जवळ असू शकतात. हा फरक लवचीक कनेक्शन पाइप भरून काढतो, पण त्यासाठी गीझरच्या तळापासून अँगल कॉकपर्यंत निदान आठ-दहा इंच उभी जागा हवी. जागा कमी पडली की पाइप तिरका मुडपतो, आतली रबरी नळी चेपते आणि धार निम्मी होते. गीझर खराब निघाला म्हणून येणाऱ्या तक्रारींत हे कारण बऱ्याचदा सापडतं.

दुसरी गोष्ट फवारा. शॉवरच्या तोंडापासून आडवं किमान दोन फूट अंतर ठेवा. सॉकेट आणि स्विच याहून लांब, शक्य असेल तर बाथरूमच्या बाहेर दाराशेजारी. ओल्या हाताने स्विच दाबायची वेळच येऊ नये.

तिसरी गोष्ट म्हणजे झाकण उघडायची जागा. बऱ्याच इन्स्टंट गीझरचा कॉइल आणि थर्मोस्टॅट खालच्या झाकणामागे असतो. माळ्यात किंवा फॉल्स सीलिंगच्या वर गीझर लपवायचा असेल तर बरोबर खाली दीड बाय दीड फुटांचं उघडणारं दार ठेवा. नाहीतर पुढे एका वॉशरसाठी सगळं छत उतरवावं लागतं. शिवाय माळ्यावरची गळती महिनोन्‌महिने कुणाला दिसत नाही, ती खालच्या घरातल्या माणसाला आधी दिसते.

पाण्याचा दाबही आत्ताच बघा. टाकीतल्या पाण्याच्या दर दहा मीटर उंचीला सुमारे एक बार दाब मिळतो. सर्वांत वरच्या मजल्यावर टाकी जेमतेम तीन मीटर वर असते, म्हणजे ०.३ बार. विजेच्या इन्स्टंटला तेवढा चालतो, फक्त धार बारीक राहते. उलट पंचवीस मजली इमारतीत टाकीपासून खालपर्यंत सलग पाइप असेल तर तळमजल्यावर दाब सातच्या पुढे जातो. बऱ्याच इन्स्टंट गीझरची मर्यादा साडेसहा बारची असते, तशी खोक्यावर ०.६५ मेगापास्कल अशी लिहिलेली असते. अशा ठिकाणी प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह लावल्याशिवाय गीझर जोडू नका. प्रेशर पंप असलेल्या सोसायटीत प्लंबरकडून गेजने दाब मोजून घ्या.

सामानाची यादी

आधी आणून ठेवायचं सामान असं: अर्धा इंची, आतून ईपीडीएम रबर आणि बाहेरून स्टीलच्या जाळीचे दोन कनेक्शन पाइप (१८ इंची बहुतेक ठिकाणी पुरतात, पण मोजून घ्या), चार जादा रबरी वॉशर, टेफ्लॉन टेपची दोन रिळं, ८ मिलिमीटरचे दोन अँकर फास्टनर किंवा गीझरसोबत आलेले, गरज पडली तर दोन नवे अँगल कॉक, एक नॉन-रिटर्न म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह (गीझरसोबत हे काम करून जादा दाबही सोडणारा मल्टिफंक्शन व्हॉल्व्ह आला असेल तर वेगळा लागत नाही), सेफ्टी व्हॉल्व्हच्या ठिबकणाऱ्या पाण्यासाठी हातभर पारदर्शक नळी, आणि जुनी भोकं बुजवायला पांढरं सिमेंट किंवा टाइलचं ग्राउट. गीझर विकत घेताना आयएसआय चिन्ह बघा. इन्स्टंट विजेच्या गीझरसाठी आयएस ८९७८ आणि आयएस ३०२ ही मानकं लागू होतात. स्टार लेबल शोधत बसू नका, ते स्टोरेज गीझरला असतं.

जुने कनेक्शन पाइप परत वापरायचा मोह टाळा. त्यांचं रबर आतून कडक झालेलं असतं, पिरगाळलं की चिरतं.

जुना गीझर उतरवणं

एमसीबी बंद करा, प्लग उपसा. फक्त स्विच बंद करून भागत नाही, जुन्या वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असलेले आढळतात. आदल्या रात्रीपासून गीझर बंद ठेवा म्हणजे पाणी गार झालेलं असेल.

गार पाण्याचा अँगल कॉक बंद करा आणि गरम नळ उघडा. धार काही सेकंदांत थांबली तर कॉक ठीक आहे. थांबली नाही तर कॉक आतून झिजलेला आहे आणि तो बदलावा लागेल. त्यासाठी फ्लॅटचा किंवा इमारतीचा त्या लाइनचा मेन कॉक बंद करावा लागतो, तेव्हा सोसायटीत आधी सांगून ठेवा.

धार थांबली म्हणून टाकी रिकामी झाली असं समजू नका. स्टोरेज गीझरमध्ये गरम पाण्याची नळी आतून थेट वरपर्यंत गेलेली असते, त्यामुळे नळातून वरचंच पाणी निघतं, खालचं सगळं आत राहतं. ते काढायला आधी गरम बाजूचा कनेक्शन पाइप सोडवा, म्हणजे त्या वाटेने हवा आत जाईल. मग गार बाजूचा पाइप अँगल कॉकच्या टोकाकडून सोडवून बादलीत धरा. तिथे मल्टिफंक्शन किंवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर पाणी उलटं येणार नाही. अशा वेळी व्हॉल्व्हची छोटी दांडी उचलून धरा, नाहीतर व्हॉल्व्हच काढा. २५ लिटर म्हणजे सव्वा बादली पाणी. तळातून गढूळ पांढरा गाळ येईल, तो जाळी न लावता मोरीत सोडू नका, ट्रॅप तुंबतो.

रिकामा गीझरही दहा-बारा किलोचा असतो आणि तळात दोन-तीन लिटर पाणी राहतंच. एकाने खालून आधार द्यावा, दुसऱ्याने बोल्टचे नट सोडवावेत, मग दोघांनी मिळून तो वर उचलून हुकावरून काढावा. स्टुलावर एकट्याने हे करू नये.

कनेक्शन सुटल्यावर लगेच नवा गीझर जोडू नका. अँगल कॉकखाली बादली धरून अर्धा मिनिट पाणी जोरात सोडा. जुने जीआय पाइप असतील तर गंजाचे पापुद्रे आणि वाळू बाहेर पडेल. हीच घाण नव्या गीझरच्या जाळीत अडकते आणि आठवड्यात धार मंदावते.

नवा टांगणं

जुनी भोकं १० मिलिमीटरच्या बोल्टची असतात. त्यात लहान फास्टनर सैल बसतो. ती बुजवून नवी भोकं पाडा. अँगल कॉकच्या सरळ वर आणि सरळ बाजूला भोक पाडू नका, भिंतीतले पाइप बहुधा त्याच रेषांत गेलेले असतात. दोन-तीन इंच सरकून पाडलेलं भोक पाइप फोडण्यापेक्षा फार स्वस्त पडतं.

टाइलवर खुणेच्या जागी मास्किंग टेप लावा. टाइल पार होईपर्यंत हॅमर बंद, वेग कमी, टाइलचा किंवा काचेचा बिट वापरा. मागचं प्लास्टर लागलं की बिट बदलून हॅमर सुरू करा. बाहेर येणारी पूड बघत राहा: लाल पूड म्हणजे वीट, करडी म्हणजे काँक्रीट, पांढरी हलकी भुसभुशीत म्हणजे एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटची वीट). नव्या इमारतींमध्ये एएसी ब्लॉकच असतात आणि त्यात साधा धातूचा फास्टनर आवळला की आतला भाग चुरा होतो. तिथे एएसीसाठीचे लांब नायलॉन प्लग वापरा, आणि हाताला घट्ट लागल्यावर थांबा. ओल आलेली पूड निघाली तर तिथेच थांबून मागे पाइप गळतोय का ते बघा.

लेव्हल धरून ब्रॅकेट लावा, गीझर अडकवा, दोन्ही हातांनी खाली ओढून बघा. हलता कामा नये.

पाण्याची जोडणी

निळी खूण गार पाणी आत, लाल खूण गरम पाणी बाहेर. उलटं जोडलं तर पाणी येईल, पण नीट तापणार नाही. गार बाजूला आधी मल्टिफंक्शन व्हॉल्व्ह, बाण गीझरच्या दिशेने. त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन आट्यांच्याच दिशेने दहा-बारा वेढे द्या. कनेक्शन पाइपच्या नटाला मात्र टेफ्लॉन लागत नाही, तिथे रबरी वॉशर पाणी अडवतं. टेफ्लॉन गुंडाळल्याने वॉशर तिरकं बसतं आणि गळती सुरू होते. नट हाताने पूर्ण फिरवा, मग पान्याने पाव ते अर्धा फेरा. छोट्या गीझरच्या नळ्या टाकीला पातळ जोडानेच बसवलेल्या असतात, जोर लावला तर जोड आतून तुटतो.

माहितीपुस्तिकेत गीझर खुल्या आउटलेटचा आहे असं लिहिलं असेल तर गरम बाजूला बंद होणारा कुठलाच कॉक ठेवू नका, पाणी गार बाजूनेच सुरू-बंद करायचं. अशा गीझरची टाकी दाब सहन करायला बनवलेलीच नसते. दाब सोसणाऱ्या मॉडेललासुद्धा गरम बाजूचा अँगल कॉक कायम पूर्ण उघडा ठेवावा. सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाला पारदर्शक नळी लावून ती मोरीकडे सोडा. पाणी तापताना प्रसरण पावतं, तेव्हा दोन-चार थेंब पडणं योग्यच आहे. ते तोंड एम-सीलने बुजवणारे लोक आहेत. तसं केल्यावर दाब वाढला तर फुटायला फक्त टाकीच उरते.

वीज देण्याआधी पाणी

हा क्रम चुकला की नवा कोरा गीझर पहिल्याच मिनिटात जातो. गार कॉक उघडा, गरम नळ उघडा, फुर्रफुर्र करत हवा निघेल. एकसंध धार लागल्यावर आणखी दोन मिनिटं वाहू द्या. मगच वीज. पाण्याशिवाय तापलेला कॉइल काही सेकंदांत लाल होतो. नशीब असेल तर थर्मल कटआउट पडतो, नसेल तर कॉइल फुटतो. इमारतीत पाणी गेलेलं असेल, टाकी धुण्याचं काम चालू असेल, त्या दिवशीही हेच लक्षात ठेवा.

सगळ्या जोडांभोवती कोरडा टिश्यू पेपर फिरवा, बोटाला न जाणवणारी ओल त्यावर लगेच उमटते. मग आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघा, परत चढवा आणि गीझर लावा. गीझरवरचा दिवा विझल्यावर नळ सोडून बादली आणि घड्याळ घेऊन धार मोजा. पाणी जास्त गरम हवं असेल तर नळ थोडा आवळायचा, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. दहा मिनिटं सलग चालवल्यावर गीझर बंद करून प्लग उपसा आणि पिनांना हात लावून बघा. कोमट असेल तर चालेल. चटका बसत असेल तर सॉकेट किंवा स्क्रू सैल आहे, वायरमनला परत बोलवा.

गॅसचा इन्स्टंट घ्यायचा असेल तर

शॉवरला पुरेल इतकं पाणी लहान जागेतून हवं असेल तर गॅस गीझर खुणावतो. सहा लिटरचा गॅस गीझर पुण्याच्या थंडीतही मिनिटाला सहा लिटर देतो, म्हणजे बादली तीन-साडेतीन मिनिटांत. पण तो बाथरूमच्या आत बसवायचा नाही. खिडकी असली तरी नाही, एक्झॉस्ट फॅन असला तरी नाही.

कारण हिशोबातच आहे. असा गीझर पूर्ण आचेवर दहा मिनिटांत सुमारे दीडशे ग्रॅम एलपीजी जाळतो. तेवढ्या गॅसला लागणारा ऑक्सिजन जवळजवळ दोन घनमीटर हवेतला असतो. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये एकूण हवाच साडेपाच घनमीटर. दार लावून आंघोळ करणाऱ्याभोवतीचा ऑक्सिजन झपाट्याने उतरतो, ज्वाळा अपुरी जळायला लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पाय गळतात, आणि कडी आतून लावलेली असते. बंद बाथरूममध्ये गॅस गीझरने दरवर्षी माणसं दगावतात. धुराड्याशिवायचा गीझर असेल आणि एक्झॉस्ट फॅन लावला तर तो धूर बाहेर नेईलच असं नाही. फॅन आणि गीझर कुठे आहेत त्यावर तो उलटा खोलीत ओढलाही जातो.

गॅस गीझर ड्राय बाल्कनीत किंवा उघड्या सज्ज्यात लावा आणि तिथून गरम पाण्याची लाइन आत आणा. लाइन सीपीव्हीसीची हवी, पांढरा यूपीव्हीसी गरम पाण्याने मऊ पडतो. अर्धा इंची सीपीव्हीसीमध्ये मीटरला सव्वाशे मिलिलिटरच्या आसपासच पाणी असतं, त्यामुळे सहा मीटर अंतर असलं तरी एक-दीड तांब्या गार पाणी गेलं की गरम सुरू होतं. बाल्कनी काचेने बंद केलेली असेल तर ती खोलीच समजा.

पीएनजी (पाइपने येणारा गॅस) आणि एलपीजीचे (सिलिंडरचा गॅस) गीझर वेगळे असतात. एलपीजी घरात सुमारे ३० मिलिबारला येतो, पीएनजी २१ मिलिबारला, आणि बर्नरचे जेटही निराळे. एकाचा गीझर दुसऱ्यावर लावू नका. पीएनजीचा नवा पॉइंट गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच काढून घ्या. एलपीजीला आयएसआय सुरक्षा नळी, दीड मीटरपेक्षा लांब नको, पाच वर्षांनी बदला.

वरच्या मजल्यावर गॅस गीझर पेटत नाही ही नेहमीची तक्रार असते. आतला पडदा पाण्याच्या दाबाने सरकल्याशिवाय ठिणगी पडत नाही, आणि त्याला साधारण पाव बार लागतो. आंघोळ करताना मध्येच ज्वाळा विझत असेल तर मिक्सरमध्ये गार पाणी जास्त मिसळलं जातंय. त्यामुळे गीझरमधून जाणारी धार कमी होते. गार नळ बंद करून गीझरवरचा गॅसचा नॉब कमी करा. ठिणगीच येत नसेल तर आधी आतले दोन जाडे सेल बदला.

नंतरच्या तक्रारी

विजेच्या इन्स्टंटमधून पाणी अचानक कोमट येऊ लागलं तर आधी व्होल्टेज बघा. २३० चं २०० झालं तरी ३ किलोवॅटचा गीझर सव्वादोन किलोवॅटच देतो. व्होल्टेज ठीक असेल तर मिक्सर तपासा. हँड शॉवर टोकाला बंद आणि मिक्सरचे दोन्ही नळ उघडे राहिले की गार पाणी गरम लाइनमध्ये घुसतं. गार बाजूचा नळ पूर्ण बंद करून फरक पडतो का बघा.

धार मंदावली तर गार बाजूची जाळी काढून जुन्या ब्रशने घासा. आरसीसीबी गीझर लावताच पडत असेल तर कॉइलचं आवरण चिरलं आहे, कॉइल बदलावाच लागेल. आरसीसीबी काढून गीझर थेट जोडून देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आणि मग क्षार. बोअर किंवा टँकरच्या पाण्यावर असलेल्या सोसायट्यांत इन्स्टंट गीझरला सर्वांत जास्त त्रास याचाच होतो. छोट्या कॉइलवर तीन किलोवॅटची उष्णता एकवटलेली असते, त्यामुळे क्षार तिथेच बसतात. सहा महिन्यांनी कॉइल काढला तर त्यावर खडबडीत, पांढरट-पिवळा, नखाने टवका निघेल असा थर दिसतो. त्याच्याखालचं तांबं काळं पडलेलं असतं. पाणी तापताना कुरकुर, टकटक असा आवाज येऊ लागला की थर जमला असं समजा. तो जास्त जाड झाला की कॉइलची उष्णता पाण्यात जात नाही आणि कॉइल आतूनच जळतो.

कंपनीच्या पुस्तिकेत मनाई नसेल तर हे घरी साफ करता येतं. एमसीबी बंद, प्लग बाहेर, पाणी काढून गीझर उतरवा. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूफूल विरघळवून, असं तीन लिटर द्रावण लाल नळीतून आत ओता. गीझर नळ्या वर करून अर्धा-पाऊण तास ठेवा. फसफसणं थांबलं की ओतून टाका आणि स्वच्छ पाण्याने तीन-चार वेळा खळखळून घ्या. मीठाचं किंवा संडास साफ करायचं ॲसिड कधीही वापरू नका, ते क्षाराबरोबर तांबं आणि जोडही खातं. परत बसवताना नवे वॉशर घाला, आधी पाणी भरा, मग वीज द्या. बोअरचं पाणी असेल तर हे सहा महिन्यांनी, नगरपालिकेचं असेल तर वर्ष-दीड वर्षाने पुरतं.